कंपनी बघायला आलेले पाहुणे

"बाई, ते रेकॉर्डिंगवाले कुठं हाईत?" हा प्रश्न मला माझ्याच स्टुडिओच्या दारात विचारतात. रेकॉर्डिंग मीच करते हे सांगायचा आता कंटाळा येतो. मूड चांगला असेल तर हसून आत घेते. नसेल तर "जेवायला गेलेत, बसा" म्हणते आणि आत जाऊन मिक्सरसमोर बसते. थोड्या वेळानं त्यांना हाक मारते, तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं असतं. एवढी मजा मी या धंद्यात हक्कानं घेते.

बेळगावात शहापूरच्या बाजूला, एका साडीच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. दोन खोल्या. एका खोलीत गाणारा उभा राहतो, दुसरीत मी बसते, मधे जाड दुहेरी काच. येळ्ळूरचं भजनी मंडळ येतं. चिकोडी-निपाणीकडची पूजेची गाणी होतात, ती कन्नड आणि मराठी अशी दोनदा गायची. चाल एक, ट्रॅक एक, फक्त शब्द बदलायचे. डिसेंबर आला की शाळांच्या गॅदरिंगची गाणी कापून-जोडून द्यायची. निवडणुकीत रिक्षावर वाजणारा प्रचार असतो. सकाळी एका पक्षाचा, दुपारी दुसऱ्याचा, आणि आवाज बऱ्याचदा एकाच माणसाचा. मधल्या काळात बाहेरगावच्या एका कंपनीसाठी ऐकायची पुस्तकं करते. त्यात वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुर काढून टाकणं हे माझं मुख्य काम.

या सगळ्याचे पैसे मिळतात. पगार मिळत नाही. माझ्या वडिलांना हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. मुलगी साऊंड इंजिनीअर झाली म्हणून त्यांनी सगळ्या बाजारात पेढे वाटले होते. पुण्याच्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून मला जेवण आणि बसभाडं एवढंच मिळतं, हे कळल्यावर घरात पेढ्यांचा विषय परत कुणी काढला नाही. "इंजिनीअर म्हणत्यात आन् पगार न्हाय, ह्ये कसलं इंजिनीअर?" असं ते आईला म्हणायचे, मला ऐकू जाईल अशा बेतानं. पुढं बेळगावात स्वतःचं सुरू केलं तेव्हाही त्यात काही फार बदल झाला नाही. इथं प्रत्येक गिऱ्हाईक कुणाचा तरी पाहुणा निघतो आणि "घरचंच काम हाय" म्हणून सुरुवात करतो. एका मंडळानं तर ठरल्या रकमेऐवजी माझा सत्कार केला. अंगावर शाल आणि हातात नारळ असताना माणसाला भांडताही येत नाही.

या माझ्या दोन खोल्यांत माझ्याइतकाच वावर असतो तो आमच्या कीबोर्डवाल्याचा. तो खानापूरकडच्या गुंजीचा. सकाळच्या गाडीनं येतो, पाठीवर लेकराला बांधावा तसा कीबोर्ड बांधून. गाण्याखाली जे जे वाजतं, ते सगळं तोच करतो. सनई, बासरी, टाळ, ढोलकी, सगळं त्याच्या दहा बोटांत. भजनी मंडळातल्या आजोबांचा सूर मधेच घसरला, तर हा पठ्ठ्या मागचा स्वर असा काही धरतो की घसरणं हीच चाल वाटावी. बोलायला मात्र महाकंजूस. मला आक्का म्हणतो. "व्हय आक्का" आणि "न्हाय आक्का" एवढ्यावर त्याचा दिवस भागतो.

तिशी ओलांडली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलगा दिसायला बरा, निर्व्यसनी, घरी थोडी शेती. पण प्रत्येक ठिकाणी घोडं एकाच जागी अडायचं. "पगार किती?" असं विचारलं की हा प्रामाणिकपणानं सांगायचा, "काम असंल तसं." मग समोरची माणसं ताटलीतले पोहे संपवायची, पाणी प्यायची आणि कळवतो म्हणून जायची. कुणी कळवायचं नाही. गेल्या वर्षी एका मुलीकडच्यांनी तर "आमच्या लग्नात वाजवायला या" असं सांगून पाठवलं. तो गेला आणि वाजवून आला. मला हे नंतर कळलं, तेव्हा मीच दोन दिवस तणतणत होते. तो म्हणाला, "काम हुतं आक्का."

वैशाखाच्या सुरुवातीला एका सकाळी तो आला तो कीबोर्ड खाली न ठेवताच दारात उभा राहिला.

"आक्का, एक भानगड झालीया."

"आता काय केलंस?"

"म्या न्हाय. दादानं."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, गावी शेती बघतो. त्यानं या खेपेला निपाणीचं एक स्थळ फोनवर स्वतःच पुढं नेलं होतं. मुलगी एका पतसंस्थेत कारकून. दिवसा कचेरीत बसते आणि संध्याकाळी बाजारात फिरून दुकानदारांकडून पिग्मी गोळा करते, म्हणजे त्यांची रोजची थोडी थोडी शिल्लक. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यांनी वाढवलेली. दोघांनी एकमेकांना एका लग्नात पाहिलं होतं आणि नापसंत काही नव्हतं. पगाराची वेळ आली तशी दादानं ठोकून दिलं होतं, की भाऊ बेळगावात म्युझिक कंपनीत परमनंट आहे. आता चुलते म्हणत होते, एकदा कंपनी बघून घेतो.

"कुठली कंपनी?" मी विचारलं.

"ही."

आम्ही दोघांनी एकदमच आजूबाजूला पाहिलं. कंपनीत त्या वेळी मी, तो आणि भिंतीवरची पाल एवढेच होतो.

माझं डोकं फिरलं. तुझ्या दादाला सांग, मी कुणाची कंपनी-बिंपनी नाही, असं बरंच बोलले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "खोटं बोलू नका आक्का. फकस्त इचारलं न्हाय तर सांगू नका." आणि खाली बघत, "ह्ये बी मोडलं तर कीबोर्ड इकतो. गोव्यात एका गोदामात जागा हाय. तिथं पगार हाय."

त्याचं चुकतंय असं मला म्हणता आलं नाही. असा हात असलेला माणूस खोकी मोजत बसणार, हे मला सहनच होईना. मी म्हटलं, येऊ देत पाहुण्यांना.

ते रविवारी दुपारनंतर येणार होते. सकाळपासून येळ्ळूरच्या मंडळाचं रेकॉर्डिंग चाललं होतं. मंडळ जेवायला उतरलं आणि परत येऊन धृपद म्हणणार होतं, म्हणून माइक उभे होते तसेच ठेवले. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. पाहुणे तासभर आधीच आले होते. चुलते, चुलती आणि मुलगी. चुलते शाळेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. मुलगी बारकीशी, शांत, पण नजर अशी की खोलीत आल्या आल्या तिनं सगळं एकदा बघून घेतलं.

माझ्या खोलीत दोन खुर्च्या, वायरींचं जाळं आणि गरगरणारा पंखा. एसी काय तो गाणाऱ्याच्या खोलीत, खाली मऊ गालिचा, निवांतपणा. आमच्या घरची रीत अशी की पाहुण्याला घरातली सगळ्यात चांगली खोली द्यायची. मी खालच्या साडीवाल्याकडून खुर्च्या मागवल्या आणि पाहुण्यांना तिथं बसवलं, माइकांच्या मधोमध. कंपनीतला माणूस दिसावा म्हणून कीबोर्डवाल्याला काचेच्या अलीकडं मिक्सरसमोर बसवलं आणि त्याच्या कानावर मीच हेडफोन चढवले.

चुलत्यांनी आधी माझीच चौकशी केली. "तुमी कुणाच्यातल्या?" मी वडिलांची वखार सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. "आण्णांची लेक व्हय तुमी! मग परकं काय न्हाय. तुमच्या शब्दावर आमचा इश्वास. पोरगं कसं हाय?"

"कामाला चोख. वेळेला पक्का. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही." यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

"आन् पगार?"

"आधी चहा घ्या," मी म्हटलं. ताकास तूर लागू दिली नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

चहा आला. चुलते भिंतीवरच्या स्पंजला बोट लावून बघत होते. "ह्ये गादीवानी काय लावलंय?" मी समजावलं. त्यांनी टाळी वाजवून बघितली. इथं येणारा प्रत्येक माणूस टाळी वाजवतोच. टाळीचा आवाज जागच्या जागी विरला तसे ते खूश झाले.

"म्हंजे हितं बोललेलं भाईर जात न्हाय?"

"दार लावलं की आत फटाके वाजवले तरी बाहेर कळत नाही," मी अभिमानानं सांगितलं. त्या दाराला मी काय काय विकून पैसे घातलेत ते माझं मला माहीत.

"मग बाई, जरा दार लावून घेता काय? आमाला घरातलं दोन शब्द बोलायचं हुतं."

मी अदबीनं दार लावलं आणि रिकामा ट्रे घेऊन इकडं आले. वळून बघते तर कीबोर्डवाल्याचा चेहरा पांढरा पडलेला. कानावर हेडफोन. समोर मिक्सरवर माइकांचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माइक सकाळपासून चालूच होते. आवाज दारातून बाहेर जात नव्हता, तो वायरीतून सरळ याच्या कानात येत होता. बाहेरचे स्पीकर बंद, त्यामुळं मला काही ऐकू येईना. काचेपलीकडं चुलत्यांचा हात वरखाली होत होता, चुलती पदर सारखा करत काहीतरी म्हणत होती, आणि ती मुलगी मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून बोलत होती. मी खुणेनं सांगत होते, काढ, काढ ते कानावरचं. त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

मग मी त्याचा हात पाहिला. मुलीच्या समोर जो माइक होता, त्याची मिक्सरवरची आवाजाची पट्टी त्यानं बोटानं किंचित वर सरकवली. ती हळू बोलत होती. कुणी हळू गायला लागलं की त्याचा हात असाच जातो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. हे त्यानं मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. पण दुसऱ्याच क्षणी तो भानावर आला, सगळ्या पट्ट्या एका दमात खाली ओढल्या आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"काय म्हणाली?" न विचारणं मला जमलं नाही.

"म्हणाली, ह्यास्नी पगार न्हाय."

"तिला कसं कळलं?"

"म्हणाली, मी रोज बाजार फिरते काका. पगार असल्याला माणूस पगार किती इचारल्यावर चा घ्या म्हणत न्हाय."

माझ्या हातातला ट्रे मी हळूच खाली ठेवला.

"आणि काका?"

"म्हणाले, मग चला. चा पिऊन उठायचं." तो उभा राहिला. "आत जातो मी. सांगतो."

मी त्याचा दंड धरला. "गप्प बस की रं. त्यांना काय माहीत तू ऐकलंस ते? सांगितलंस तर आत्ताच मोडेल."

"मोडू दे आक्का. न सांगता ऐकलं तर चोरी झाली की."

एरवी होय-नाहीच्या पुढं न जाणारा माणूस दार उघडून आत गेला. त्याच्यामागं मीही गेले, कारण बाहेर थांबवेना. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ह्यो माइक चालू हुता. तुमी बोललेलं म्या ऐकलं. मुद्दाम न्हाय, पण ऐकलं."

चुलत्यांनी माइककडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाई, तुमी तर फटाकं म्हणालता."

आण्णांची लेक म्हणून त्यांनी विश्वास टाकला होता आणि मी तिथं मान खाली घालून उभी होते. ते उठले. त्यांचे कान लाल झाले होते. चुलतीही पिशवी घेऊन उठली. "चल गं," ते मुलीला म्हणाले.

"जावा तुमी," कीबोर्डवाला म्हणाला. "पर एक ऐकून जावा. मला पगार न्हाय. ही कंपनी न्हाय, ह्यो आक्काचा स्टुडिओ हाय. दादा खोटं बोलला, माझ्यासाठी बोलला, त्याला बोल लावू नगा. मला गाण्यामागं पैसे मिळत्यात. लग्नसराईत आर्केस्ट्रात वाजवतो, तवा हातात चांगले असत्यात. थंडीत शाळांची कामं. गणपतीत रोज. म्या कुणाचं बुडवलं न्हाय आन् कुणाकडं हात पसरला न्हाय. पर म्हैन्याच्या म्हैन्याला ठरल्यालं कायच येत न्हाय."

एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या कपाळावर एसीतही घाम आला होता. चुलते दाराकडं निघालेले होते. मुलगी मात्र अजून खुर्चीतच होती.

"रिकामं कवा असतंय?" तिनं विचारलं. थेट त्यालाच.

"ऊठ म्हणलं न्हवं?" चुलते म्हणाले.

"काका, जरा थांबा." आणि परत त्याच्याकडं बघून, "कवा असतंय रिकामं?"

"आखाड लागला की. आखाड, श्रावण. पार गणपतीपतूर कायच नसतंय. लग्नं न्हाईत, शाळा नुकत्याच सुरू झाल्याल्या, कोण रेकॉर्डिंग करतंय?"

"मग काय करता तवा?"

"गावाकडं जातो. भात लावायला."

"आन् ह्ये वाजवायचं सोडायचा इचार हाय काय?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "हाय. लगीन जमंना म्हणून हाय. माझ्या मनाचं इचाराल तर न्हाय."

चुलते दारातून परत फिरले. त्या माइकजवळ आले, खाली वाकून त्याच्याकडं संशयानं बघितलं आणि मला विचारलं, "बाई, ह्ये आता तरी बंद हाय न्हवं?"

"बंद आहे," मी म्हटलं. या वेळी मी आधी काचेतून दिवे बघून घेतले.

"बोल मग," ते मुलीला म्हणाले. "काय बोलायचं हाय ते बोल. आता कोण ऐकत न्हाय."

"चालू असला तरी असू दे की," ती म्हणाली. मघाशी काचेतून जिचे नुसते ओठ हलताना दिसत होते, तिचा आवाज आता खोलीभर स्वच्छ ऐकू आला. "बाजारात म्या ज्यांच्याकडं जाते काका, त्यातल्या कुणाला पगार हाय? त्यांची बी घरं चालत्यातच की. ह्यांचं अडतंय ते आखाड-श्रावणात. माझा पगार बारा म्हैनं येतोय. आखाडात बी येतोय."

चुलत्यांनी बायकोकडं पाहिलं. कीबोर्डवाला कुणाकडं बघावं ते न कळून माइकच्या स्टँडचा स्क्रू आवळत राहिला, तो आवळलेलाच होता. माझे डोळे भरून आले, आणि पाहुण्यांसमोर रडायला नको म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं. इतकी वर्षं या धंद्यात "भागतं कसं?" हे मला बापापासून बँकेपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मिळून भागवू, असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं.

चुलतीनं पिशवी परत खाली ठेवली आणि ती खुर्चीवर बसली.

"बसा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "चा निवला."